शनिवारी भाची फोन का उचलत नाही? अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, घरच्या भाषेत

माझी भाची अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात राहते. ऑगस्ट संपत आला की पुढचे तीन-चार महिने शनिवारी तिचा फोन लागणं कठीण. लागलाच तर मागे गलका असतो आणि ती म्हणते, "मावशी, मॅच संपली की करते." मॅच संपते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

२०२५च्या जूनमध्ये बातमी आली की अमेरिकेतली विद्यापीठं आता खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना थेट पैसे देऊ शकतील. भाचीने सांगितलं, यावरून तिच्या सासरी जेवणाच्या टेबलावर दोन दिवस वाद चालला होता. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आले. कॉलेजच्या पोरांना पगार कसला? आणि सत्तरीतली माणसं कॉलेजच्या मॅचवरून का भांडतात?

२०२३च्या हिवाळ्यात मी भाचीच्या बाळंतपणासाठी तीन महिने तिथे होते. तिचे सासरे ऑबर्न विद्यापीठाचे, सासूबाई अलाबामा विद्यापीठाच्या. हे दोन संघ एकमेकांचे हाडवैरी. त्या दोघांच्या मध्ये सोफ्यावर बसून मी हा खेळ शिकले, आणि मनापासून आवडला म्हणून हे लिहिते आहे.

आधी खेळ: चार चेंडूंत दहा धावा

हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू बहुतेक वेळ हातात. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू.

नियमांचं जंगल मोठं आहे, पण एक नियम कळला की निम्मा खेळ कळतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी मिळतात. एका संधीला 'डाउन' म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा नव्या चार संधी, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. चार चेंडूंत दहा धावा काढल्या की आणखी चार चेंडू मिळतील, असा क्रिकेटचा सामना डोळ्यांपुढे आणा. असं सरकत सरकत समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की 'टचडाउन', सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. तिथवर पोचता आलं नाही तर लांबूनच खांबांमधून मारायचा, त्याचे तीन.

चौथी संधी आली आणि अंतर बरंच उरलं असेल तर शहाणे संघ धोका घेत नाहीत. लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे धाडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुळात कॉलेजची टीम का?

कारण हा खेळ जन्मला तोच कॉलेजात. पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाला. रटगर्स ६-४ असे जिंकले. व्यावसायिक संघ आणि त्यांची मोठी लीग फार नंतर आली, आणि तेही संघ बहुतेक मोठ्या शहरांत. अलाबामात आजही त्या लीगचा एकही संघ नाही. मग राज्याने आपला जीव कुठे लावायचा? राज्याच्या विद्यापीठांवर.

ऑबर्न शहराची वस्ती २०२०च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती. तिथलं मैदान ८८ हजारांचं आहे. अलाबामा विद्यापीठाचं टस्कलूसामधलं मैदान एक लाखाचं. सामन्याच्या दिवशी पहाटेपासून गाड्या येतात, डिकीची फळी खाली पाडून तिच्यावर पंगत मांडली जाते. तिला टेलगेट म्हणतात. उकडलेल्या शेंगा, भाजलेलं मांस, गोड चहा. ओळख नसली तरी हातात ताटली देतात. मला जोतिबाच्या यात्रेची आठवण झाली.

आलेल्यांपैकी कितीतरी जण त्या विद्यापीठात कधी शिकलेले नसतात. संघ वडिलांकडून येतो, आजीकडून येतो. कोल्हापूरच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. माझं माहेर पाटाकडील या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीचं, सासर दिलबहार तालमीचं. शाहू स्टेडियमवर सामना असला की लग्नानंतर कित्येक वर्षं मी कुठल्या बाजूला बसायचं यावर चर्चा व्हायची. कोल्हापूरची तालीम जशी पेठेची असते, तसं तिकडे विद्यापीठ घराण्याचं असतं.

त्यात थोडा वर्गाचाही रंग आहे. अलाबामा विद्यापीठ १८३१ साली सुरू झालं. वकील, डॉक्टर, राजकारणी तिथून निघाले. ऑबर्न शेतकी आणि इंजिनिअरिंगकडे झुकलेलं, १९६०पर्यंत त्याचं नावच अलाबामा पॉलिटेक्निक होतं. भाचीच्या सासऱ्यांचे वडील शेतकरी. सासूबाईंच्या घरी तीन पिढ्या वकिली. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंच्या वडिलांनी मुलाची नोकरी विचारली, चर्च विचारलं आणि शेवटी सुस्कारा टाकून विचारलं, "पण ऑबर्नच का?"

भाऊबंदकी, तीही ४१ वर्षांची

या दोन संघांच्या वार्षिक सामन्याला 'आयर्न बोल' म्हणतात. बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं शहर आणि सामना बरीच वर्षं तिथेच होत असे, म्हणून हे नाव. पहिला सामना १८९३ सालचा, ऑबर्न जिंकलं होतं.

१९०७च्या सामन्यानंतर मात्र बोलणी फिसकटली. खेळाडूंचा दिवसाचा खर्च तीन डॉलर धरायचा की साडेतीन, किती खेळाडू आणायचे, पंच कुठून बोलवायचे, यावर अडलं. अर्ध्या डॉलरवरून सुरू झालेला अबोला ४१ वर्षं टिकला. बांधावरच्या वितीवरून पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरं आपण पाहिली आहेत, त्यातलाच हा प्रकार. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला ठराव करावा लागला. १९४८ साली सामना पुन्हा सुरू झाला, तेव्हा दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खरीखुरी कुऱ्हाड जमिनीत पुरली. इंग्रजीत भांडण मिटवण्याला कुऱ्हाड पुरणं म्हणतात, ते त्यांनी अक्षरशः केलं. आणि मग अलाबामाने ५५-० असं हरवलं. सासऱ्यांचा जन्म त्यानंतरचा, तरी हा आकडा निघाला की ते पाणी प्यायला उठतात.

त्यांचा स्वतःचा आकडा २०१३चा. २८-२८ अशी बरोबरी, घड्याळात एक सेकंद उरलेला. अलाबामाने ५७ यार्डांवरून खांबांमधून मारायचा प्रयत्न केला. चेंडू तोकडा पडला. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो आपल्या टोकाशी झेलला आणि अख्खं मैदान पळत जाऊन टचडाउन केला. ३४-२८. जिंकल्यावर ऑबर्नचे लोक गावातल्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात, झाडं पांढरीशुभ्र होतात. सासरे त्या रात्री ऑबर्नला जाऊ शकले नाहीत, म्हणून त्यांनी घरामागच्या डॉगवूडच्या झाडावर बारा भेंडोळी फेकली. सासूबाईंनी पहाटे टॉर्च हातात देऊन ती सगळी त्यांच्याकडूनच वेचून घेतली. हा किस्सा मी तीन महिन्यांत चार वेळा ऐकला, दोघंही हसत हसत सांगतात आणि दर वेळी भेंडोळ्यांची संख्या वाढते.

२५ नोव्हेंबर २०२३, दुपार

बाळ तीन आठवड्यांचं होतं. त्याला कुठल्या रंगाचे कपडे घालायचे यावर सकाळीच खल झाला. ऑबर्नचे रंग नारिंगी आणि गडद निळा, अलाबामाचे किरमिजी आणि पांढरा. मी कोल्हापूरहून आईच्या जुन्या साडीचं झबलं शिवून नेलं होतं, ते नेमकं नारिंगी निघालं. सासऱ्यांनी ते छातीशी धरलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तर पाहुण्या म्हणून आलात ना?"

सामना ऑबर्नमध्ये होता, आम्ही टीव्हीसमोर. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा ऑबर्न २४, अलाबामा २०. चेंडू अलाबामाकडे आणि टोकाच्या अगदी जवळ, पण एक चेंडू हातातून निसटला, एक दंड झाला, आणि सरकत सरकत ते मागे गेले. शेवटी चौथी संधी आणि अंतर ३१ यार्ड. वर सांगितलं ना, अशा वेळी चेंडू लांब मारून देतात? इथे तेही करून चालणार नव्हतं, वेळच नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना बघवेना. रताळ्यांची भाजी ओव्हनमध्ये होती, ती उगाच पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

जेलन मिलरोने चेंडू उंच फेकला. कोपऱ्यात, गर्दीतून उडी मारून आयझेया बॉन्डने तो झेलला. २७-२४.

सासरे टीव्हीसमोर उभे होते. काही बोलले नाहीत. शारजात १९८६ साली शेवटच्या चेंडूवर मियांदादने षटकार मारला तेव्हा माझे वडील रेडिओपाशी जसे बसले होते, तसाच चेहरा. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कारण या घरचा नियम आहे की हरणाऱ्याने दिवसभराची भांडी घासायची. डिशवॉशर वापरायचा नाही, हाताने. सासूबाई आल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग फडकं घेऊन पुसायला लागल्या. नियमात पुसणं बसत नाही. तरी दर वर्षी जिंकणारा पुसतो, असं भाचीने मला नंतर सांगितलं.

मग विजेता कोण, हे कसं ठरतं?

इथे आपल्या वाचकाचं डोकं हमखास गरगरतं, माझंही गरगरलं. वरच्या पातळीवर १३०हून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत आणि प्रत्येकाला नियमित हंगामात साधारण १२ सामने मिळतात. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून संघ गटागटांत खेळतात. या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. आणि कुणाचं पारडं जड हे शेवटी माणसं ठरवतात. पूर्वी पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लागे, ती पद्धत १९३६पासूनची. २०१४पासून १३ जणांची समिती चार संघ निवडू लागली, त्यांच्यात बाद फेरी. २०२४च्या हंगामापासून बारा संघ घेतात.

पुरुषोत्तम करंडकाचे परीक्षक डोळ्यांपुढे आणा. एकांकिका सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, तरी निकालावर महिनाभर वाद होतात. इथे तर परीक्षकांसमोर सगळे एकमेकांशी खेळलेलेही नसतात.

त्या ३१ यार्डांच्या झेलानंतर आठवड्याने अलाबामाने जॉर्जियाला हरवलं. दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, समितीने चार संघ जाहीर केले. फ्लोरिडा स्टेट हा संघ १३ पैकी १३ सामने जिंकलेला, तरी त्याला वगळलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. कारण फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी होता आणि समितीला वाटलं, त्याच्याविना हा संघ तितका बलवान नाही. सासरे त्या दिवशी एका परक्या राज्याच्या संघासाठी असे पेटून उठले की बाळ जागं झालं. "खेळून जिंकायचं आणि मग खोलीत बसलेल्यांनी ठरवायचं?" सासूबाई म्हणाल्या, "आम्ही शेवटी चांगले होतो." मला सासऱ्यांचं पटलं, अजूनही पटतं. न हरलेल्याला बाहेर ठेवणं हा अन्यायच होता. १ जानेवारीला अलाबामा मिशिगनकडून हरलं आणि सासूबाईंनी भांडी घासली.

हे वेड सगळ्यांचं होतं का?

नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६३ साली अलाबामाचा गव्हर्नर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. १९७०च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाचा मिश्र संघ बर्मिंगहॅमला आला आणि अलाबामाच्या पूर्ण गोऱ्या संघाला ४२-२१ असं हरवून गेला. अलाबामाच्या मुख्य संघातून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले ते १९७१ साली. त्या वेळी सासूबाई शाळेत होत्या. "आम्ही ज्याला 'आपलं' म्हणत होतो, त्यात निम्मं गाव नव्हतं," असं त्या मला एका संध्याकाळी शेंगा सोलताना म्हणाल्या. आज मैदानावरच्या खेळाडूंत कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी आहे. म्हणून पैशांचा पुढचा प्रश्न नुसता हिशेबाचा राहत नाही.

"विद्यार्थ्यांना पैसे कशाला? शिकायला आलेत ना?"

हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आक्षेप. आधी पैसा कुठून येतो ते बघू. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामने टीव्हीला विकण्याची मक्तेदारी कॉलेज क्रीडा संघटनेकडे ठेवता येणार नाही. तेव्हापासून टीव्हीच्या पैशांचा पूर आला. 'बिग टेन' या एकाच गटाचा २०२३पासूनचा सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरच्या वर आहे. हा पैसा मैदानांत गेला, कार्यालयांत गेला आणि प्रशिक्षकांकडे गेला. ऑबर्नने २०२० साली आपल्या प्रशिक्षकाला काढलं तेव्हा कराराप्रमाणे त्याला २ कोटी १४ लाख डॉलर देणं लागत होतं. नोकरीवरून काढल्याबद्दल!

आणि खेळाडू? त्यांना शिष्यवृत्ती मिळे, म्हणजे फी, राहणं, जेवण. त्यापलीकडे स्वतःच्या सहीचे पैसे घेतले तरी बंदी येई. ज्याच्या नावाचा शर्ट दुकानात विकला जातो, त्याला घरी जायला बसचं भाडं नाही, अशी परिस्थिती.

२०२१च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा निकाल या क्रीडा संघटनेविरुद्ध दिला. दहाच दिवसांनी, १ जुलैपासून, खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती करायची मुभा मिळाली. आणि ६ जून २०२५ रोजी एका मोठ्या खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी (२०२५-२६) सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या घरात. शिवाय २०१६पासून खेळलेल्यांना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत.

सासरे म्हणाले, "शेतात राबणाऱ्याला धान्य मिळायलाच हवं." सासूबाईंना पैसे मान्य आहेत. त्यांची तक्रार वेगळी आहे, ती पुढे येते.

माझं मत विचाराल तर सासऱ्यांच्या बाजूने. नुसतं शिक्षण पुरे असं म्हणणाऱ्याने एक गोष्ट बघावी: कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा पुढे व्यावसायिक लीगमध्ये जात नाहीत. बाकीच्यांची कमाईची चार वर्षं हीच.

"आणि इजा?"

तो आक्षेप खरा आहे. १९०५च्या एकाच हंगामात डझनाहून अधिक मुलं दगावली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मोठ्या कॉलेजांना बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्यातूनच १९०६ साली ती क्रीडा संघटना उभी राहिली, आणि चेंडू पुढे फेकायची परवानगीही त्याच वर्षी आली, म्हणजे नुसती धडकाधडकी कमी व्हावी म्हणून. आज मरण दुर्मीळ आहे, पण डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू खराब होऊ शकतो, आणि त्या आजाराचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. भाची रुग्णालयात काम करते. तिने दोन्ही आजी-आजोबांना सांगून टाकलंय, हा मुलगा मैदानात उतरेल तो बँडमध्ये ट्रम्पेट घेऊन. त्यावर मात्र घरात दोन बाजू पडल्या नाहीत.

पोरं संघ बदलतात, मग जीव कुणावर लावायचा?

सासूबाईंची तक्रार ही. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बसून राहावं लागे. २०१८ साली 'पोर्टल' आलं, म्हणजे 'मला दुसरीकडे जायचंय' अशी नोंद करायची यादी. २०२१पासून एकदा न थांबता जाता येतं, २०२४पासून कितीही वेळा. गटही हलले. २०२४पासून लॉस एंजेलिसचं विद्यापीठ न्यू जर्सीच्या रटगर्सबरोबर एकाच गटात आहे, देशाची दोन टोकं.

"पूर्वी मुलगा अठराव्या वर्षी यायचा," सासूबाई सांगत होत्या. "पहिल्या वर्षी चुकायचा, आपण ओरडायचो. चौथ्या वर्षी त्याची आई मैदानात यायची तेव्हा आपणही रडायचो. आता नाव पाठ होतं तोवर तो गेलेला असतो." हा मुद्दा मला नाकारता येत नाही. नोकरी बदलायची मुभा आपल्याला आहे तशी त्या मुलांनाही हवी, हेही तितकंच खरं. पण या घरात खेळाडू म्हणजे शनिवारी जेवायला येणारा पाहुणा असतो. चार वर्षं त्याच्याबद्दल बोलून बोलून तो घरचा होतो. ते बोलणं तुटतं आहे, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं.

त्या दुपारनंतर सासूबाईंनी वर्तमानपत्रातलं आयझेया बॉन्डच्या झेलाचं चित्र कापून फ्रिजवर लावलं होतं. १० जानेवारी २०२४ रोजी अलाबामाला सहा विजेतेपदं देणारे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले. थोड्याच दिवसांत बॉन्ड टेक्सासला गेला. सासऱ्यांना वाटलं, आता चित्र उतरणार. त्या म्हणाल्या, "पोरगा गेला. झेल इथेच आहे."

चित्र अजून तिथेच आहे, पिवळं पडलंय. शेजारी सासऱ्यांनी २०१३चा घड्याळात एक सेकंद दाखवणारा फोटो आणून लावला. परवा व्हिडिओ कॉलवर भाचीने फ्रिज दाखवला, दोन्ही कागदांच्या मधोमध मी नेलेलं अंबाबाईच्या देवळाचं चुंबक आहे, दोन्हींचा एकेक कोपरा त्याखाली धरलेला.